वेग वाढला की ताप वाढतो! सुपरकॉम्प्युटर घडवणाऱ्या सेमूर क्रे यांची गोष्ट

गेमिंगसाठी डेस्कटॉप घेतला की थोड्याच दिवसांत एक शब्द कानावर पडतो, तो म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने पळवायचा. फुकटात वेग मिळतोय म्हटल्यावर मोह होणारच! पण त्यासोबत उष्णता वाढते, कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो, चिपचं आयुष्यही कमी होऊ शकतं.

हा मोह आणि हा धोका, दोन्ही आयुष्यभर अंगावर घेणारा एक इंजिनिअर होऊन गेला. त्यांचं नाव सेमूर क्रे.

२८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात रेडिओ सांभाळला. मग मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि गणित शिकून ते कॉम्प्युटर बनवण्याकडे वळले.

प्रोसेसर क्लॉकच्या ठोक्यांवर चालतो. ठोके जितके जलद, तितकं काम जलद. १९६४ साली कंट्रोल डेटा कंपनीसाठी त्यांनी बनवलेल्या सीडीसी ६६०० चा क्लॉक होता १० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक कोटी ठोके. तेव्हा जगात याहून वेगवान कॉम्प्युटर नव्हता. पण दाटीवाटीने बसवलेले ट्रान्झिस्टर एवढे तापत, की यंत्र थंड ठेवायला त्यात फ्रिजसारखा फ्रेऑन वायू वापरावा लागला.

पुढच्या सीडीसी ७६०० चा क्लॉक ३६ मेगाहर्ट्झवर गेला. वेग मिळाला, पण यंत्र वारंवार बंद पडू लागलं.

तरी क्रे थांबले नाहीत. सीडीसी ८६०० साठी त्यांनी थेट १२५ मेगाहर्ट्झचं लक्ष्य ठेवलं. इथे मात्र गाडी अडली. इतकी उष्णता बाहेर काढणं आणि यंत्र न बिघडता चालवणं काही केल्या जमेना. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला कंपनीकडे पैसा नव्हता. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडले आणि त्यांनी क्रे रिसर्च ही कंपनी काढली.

आता गंमत बघा. १९७६ साली आलेल्या क्रे-१ चा क्लॉक होता फक्त ८० मेगाहर्ट्झ! जे जमलं नव्हतं, त्यापासून ते चक्क मागे आले होते. त्याऐवजी एकाच आदेशात अनेक संख्यांवर काम करण्याची पद्धत त्यांनी वापरली. यंत्राला इंग्रजी सी अक्षरासारखा गोल आकार दिला, म्हणजे आतल्या वायरी आखूड राहिल्या आणि सिग्नल लवकर पोहोचू लागला. क्रे-१ जगभर गाजला.

पहिल्या क्रे-१ च्या मेमरीत चूक सुधारण्याची सोय मात्र नव्हती. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतल्या अनुभवानंतर ती पुढच्या यंत्रांत घालावी लागली. कारण उत्तर झटपट आलं, पण चुकीचं आलं, तर त्या वेगाचा उपयोग काय?

१९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळे सर्किट बोर्ड वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवलेले होते. पुढे क्रे-३ साठी त्यांनी सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिप वापरल्या. हा डाव उलटला. बाजाराला वाजवी किमतीची यंत्रं हवी होती. १९९५ मध्ये त्यांची नवी कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात जखमी होऊन ५ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचं निधन झालं.

तोपर्यंत जग दुसऱ्या वाटेला लागलं होतं. एकच प्रोसेसर तापवण्यापेक्षा अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपायचे. अमेरिकेने हवे ते क्रे यंत्र द्यायला नकार दिल्यावर पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली. तिथे १९९१ मध्ये तयार झालेला परम ८००० याच तत्त्वावर चालत होता. आज आपल्या डेस्कटॉपमध्ये अनेक कोअर असतात, तेही बऱ्याच अंशी उष्णतेमुळेच.

आता आपल्या प्रोसेसरचा हिशेब. लागणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले, तर वीज आणि उष्णता साधारण ३३ टक्क्यांनी वाढते! म्हणून आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्यावा. क्लॉक एकेक पायरीने वाढवावा. प्रत्येक पायरीला तापमान बघावं, काही तास पूर्ण ताण देऊन चाचणी घ्यावी.

आणि चाचणीत चुका दिसल्या, तर एक पायरी खाली यायला लाजू नये. क्रे यांचं सर्वांत गाजलेलं यंत्र तसंच तर घडलं होतं.