पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पोरांच्या दारी नेणाऱ्या अनुताई वाघ

डहाणू : सकाळी पाड्यावरून जाताना अंगणवाडीतल्या पोरांचा आवाज कानावर येतो. सेविकाताई, मदतनीस, खिचडीचा वास, भिंतीवर रंगवलेली अक्षरं. आपल्याला यात नवल वाटत नाही. पण ही अंगणवाडी आपल्याच डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत रुजली, हे आपल्याकडच्या किती जणांना ठाऊक आहे? मी बारावी झालो, शेती करतो, बातम्या लिहितो, तरी मलाही हे तिशी उलटल्यावर कळलं. ज्या दोन बायकांनी हे काम उभं केलं त्यांतल्या थोरल्या ताराबाई मोडक आणि धाकट्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा. 

अनुताई मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा वारला. त्या काळात अशा मुलीचं पुढं काय व्हायचं ते सांगायला नको. घराचा एक कोपरा आणि जन्मभर दुसऱ्यांची भांडी. अनुताईंचं तसं झालं नाही, कारण त्या शिकल्या. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. पहिली काही वर्षं नाशिक जिल्ह्यात चांदवड आणि पिंपळगाव बसवंत भागात शिकवलं. तिथून पुण्याला हुजूरपागेत आल्या. मुलींची नामांकित शाळा, कायमची नोकरी. दिवसा शिकवायचं आणि रात्रीच्या शाळेत जाऊन स्वतः मॅट्रिकचा अभ्यास करायचा, असंही त्यांनी केलं.

मग आलं १९४५ साल. कस्तुरबा ट्रस्टतर्फे खेड्यात काम करू इच्छिणाऱ्या बायकांसाठी बोरिवलीला शिबिर भरलं होतं. तिथं अनुताई गेल्या आणि तिथंच ताराबाईंशी गाठ पडली. अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या, ताराबाई ५३ च्या. अनुताईंच्या आयुष्यावर सगळ्यात मोठा ठसा या बाईंचा.

ताराबाईंविषयी थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. त्या पदवीधर, आणि तेही १९१४ सालच्या! गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. त्यांनी वकिली सोडून लहान मुलांचं बालमंदिर काढलं होतं. ताराबाई तिथं जाऊन त्यांच्याबरोबर राबल्या. गिजुभाईंनी धरली होती इटलीच्या माँटेसरीबाईंची पद्धत. मुलाला मारायचं नाही, ओरडायचं नाही, हातानं करता येईल असं साधन त्याच्यापुढं ठेवायचं आणि त्याचं त्याला शिकू द्यायचं. गंमत अशी की माँटेसरीबाईंनी हे काम १९०७ मध्ये रोममधल्या गरिबांच्या वस्तीत सुरू केलं होतं. आपल्याकडं मात्र ते शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांपुरतं राहायला लागलं, कारण ती लाकडी साधनं महाग. ताराबाईंना हे खुपत होतं. गांधीजींच्या खेड्याकडं जाण्याच्या विचाराचा ओढाही होताच. मुंबईत दादरला शिशुविहार चांगला चाललेला असताना त्यांनी बोर्डीचा रस्ता धरला. आणि अनुताई हुजूरपागेची नोकरी सोडून त्यांच्या मागोमाग आल्या.

ते वर्षही लक्षात घ्या. त्याच १९४५ मध्ये आपल्या डहाणू, तलासरी भागातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी जमीनदाराकडं वर्षानुवर्षं फुकट राबायचं, अशी लग्नगड्याची चाल होती. अशा घरातल्या चार वर्षांच्या पोराला शाळेत धाडा म्हणून सांगायला पुण्याची एक विधवा बाई आली होती.

बोर्डीत बालवाडी निघाली. गावातली खात्यापित्या घरची मुलं आली. हरिजन वाड्यातली, आदिवासी पाड्यावरची येईनात. का येतील? आईबाप पहाटे कामावर, अंगाला धड कपडा नाही, आणि गावातल्या वाड्यात शिरायची भीती. आपल्याकडं आजही अशा वेळी लगेच म्हणतात की या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाई आणि अनुताईंनी तसं म्हटलं नाही. पोरं येत नाहीत ना, मग आपण जाऊ, असं ठरवून बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन भरवली. ती अंगणवाडी.

अंगणात काम कुठून सुरू झालं, तर नखं कापण्यापासून. आंघोळ, केस विंचरणं, डोळे धुणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. शाळा अंगणात असली की घरी असलेली म्हातारी माणसं दारात बसून बघतात, ही बाई आपल्या नातवंडाला काय करते ते त्यांना दिसतं. भीती जायला याहून सोपा उपाय नाही.

आता साधनांचं. महागडे लाकडी ठोकळे कुठून आणायचे? अनुताईंनी भोवती जे होतं ते घेतलं. बोर्डीला समुद्र, म्हणून शंख-शिंपले. रानातून बिया, चिंचोके, पानं, फुलं, काड्या, ओढ्यातल्या गोट्या. लहान-मोठे शिंपले वेगळे करता करता पोराला लहान-मोठं कळतं. चिंचोके पाच-पाचच्या ढिगात मांडले की मोजणं येतं. पानं लावली की आकार कळतात. आणि ही वस्तू हरवली तर रागवायचं कारण नाही, उद्या दुसरी मिळते. मला विचाराल तर अनुताईंचं खरं मोठेपण इथं आहे. आमच्या ओळखीच्या एका अंगणवाडीत खेळण्यांची रंगीत प्लास्टिकची पेटी आली. तपासणीला कमी भरू नये म्हणून ती कपाटात कुलूपबंद आहे. सेविकाताईंना दोष देत नाही, भरपाई त्यांच्या मानधनातून जाईल ही भीती खोटी नाही. पण चिंचोक्याला कुलूप लागत नाही.

साधारण १९५७ च्या सुमारास दोघींनी काम कोसबाडच्या डोंगरावर, थेट वारली वस्तीत नेलं. तिथं नवी अडचण. थोरली बहीण शाळेत येईना, कारण कडेवर धाकटं भावंडं. मग एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असं एकत्र केलं. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. याला नाव दिलं विकासवाडी. तरीही गुराखी पोरं सुटलीच. गुरं सोडून ती येणार कशी? तर शाळा कुरणात. गुरं चरतायत, शिक्षक झाडाखाली बसलाय, पोरं एक डोळा गुरांवर ठेवून शिकतायत. ही कुरणशाळा. शिवाय रात्रीची शाळा होतीच.

हे लिहिताना मला आमच्या पाड्यावरची कुलूप लावलेली घरं दिसतात. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर गेली, ती आता पावसाच्या तोंडावर येतील. त्यांची पोरंही भट्टीवरच आहेत. हजेरीपटावर त्यांची नावं आहेत आणि पोरं विटांच्या ढिगावर. कुरणात शाळा भरली होती, भट्टीवर का भरू नये? काही ठिकाणी भरते असं ऐकतो. आमची पोरं जातात त्या भट्टीवर तरी भरत नाही.

अनुताईंचं स्वतःचं शिकणं शेवटपर्यंत थांबलं नाही. १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या पदवीधर झाल्या. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि कोसबाडचा सगळा भार अनुताईंवर आला. तो त्यांनी पेलला. नव्या शिक्षिका तयार करायच्या, शिक्षणपत्रिका चालवायची, बायकांसाठी काम करायचं, आणि हे सगळं लिहूनही ठेवायचं. बालवाडी कशी चालवावी यावर त्यांचं पुस्तक आहे, कुरणशाळेवरही आहे. १९८२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी प्राध्यापक रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही संस्था काढली आणि आपल्याच तालुक्यात ऐने, दाभोणला काम सुरू झालं. त्या वयात आपण नातवंडं सांभाळतो. सरकारनं पद्मश्री दिली. तरी राहणं कोसबाडलाच. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

सेविकाताईंनी आणि नव्यानं भरती झालेल्या मुलींनी एक करावं. अनुताईंचं आत्मचरित्र आहे, नाव ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा. माझ्याकडं एक प्रत होती, ती आमच्या पाड्यावरच्या सेविकाताईंनी दिवाळीत नेली. अजून परत आली नाही, आणि मीही मागितलेली नाही.