राणी एडिथ

सासरीं गेलेल्या कन्येचें मन माहेरीं घोंटाळतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. मग जिला समुद्रापलीकडे परक्या लोकांत दिलें, तिची अवस्था काय झाली असेल? अशा एका राजकन्येचें चरित्र आम्ही बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

एडिथ ही इंग्लंडच्या थोर आल्फ्रेड राजाची नात व एडवर्ड राजाची कन्या. तिचा जन्म इ. स. ९१० च्या सुमारास झाला. ९२४ सालीं पिता निवर्तला आणि सावत्र बंधु ॲथेलस्टन गादीवर आला. इकडे जर्मनींत सॅक्सन कुळांतील हेन्री ९१९ सालीं राजा झाला होता. त्याचें घराणें राजपदास नवें. म्हणून त्यानें आपला पुत्र ऑटो यासाठीं इंग्लंडच्या जुन्या राजकुळांतील वधू मागितली. ॲथेलस्टननें दोन बहिणी धाडिल्या व निवड ऑटोवर सोंपविली. सख्ख्या बहिणीशेजारीं उभें राहून आपली पारख होऊं द्यावयाची, हा प्रसंग त्या मुलींस किती जड गेला असेल!

ऑटोनें एडिथला वरिलें व एल्बे नदीवरील माग्देबुर्ग हें गांव तिला विवाहाची भेट म्हणून दिलें. तिला एक पुत्र व एक कन्या झाली. ९३६ सालीं ऑटो राजा झाला. पुढें त्याचें व त्याच्या मातेचें वितुष्ट आलें. तें या परदेशी सुनेनें मिटविलें, असें जुने चरित्रकार सांगतात. २६ जानेवारी ९४६ रोजीं ती वारली, तेव्हां सारी सॅक्सन प्रजा हळहळली. ऑटोनें पुढें दुसरा विवाह केला, ९६२ सालीं तो सम्राट् झाला. परंतु ९७३ मध्यें त्याचें दफन माग्देबुर्ग येथेंच, एडिथच्या सान्निध्यांत झालें.

तेथील कॅथीड्रलमधील तिची कबर रिकामी असावी, असा पुष्कळांचा समज होता. २००८ सालीं ती उघडली, तों आंत तिचें नांव कोरलेली शिशाची पेटी व अस्थि निघाल्या. बालपणीं प्यालेल्या पाण्याची खूण दांतांच्या कठीण कवचांत राहते. ब्रिस्टल येथील विद्यापीठांत दांत तपासले, तेव्हां ती खूण दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेंकड्यांची ठरली.

सासरच्या मातीशीं ती एकरूप झाली. तरी माहेरचें पाणी हजार वर्षें तिच्यापाशीं राहिलें. बालमित्रहो, लहानपणीं जें अंगीं मुरतें, तें असें टिकतें.