पुंडलिकाची वीट

श्रीक्षेत्र पंढरपुरी चंद्रभागेचे स्नान झाले, की वारकरी प्रथम वाळवंटातील भक्त पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि मगच राउळाची वाट धरतो. हा मान त्यास कशाने लाभला?

परंपरा सांगते, की जानुदेव व सत्यवती यांचा हा पुत्र आरंभी मातापित्यांचा छळच करीत असे. काशीयात्रेस निघाला, तेव्हा पत्नीसह आपण घोड्यावर आणि वृद्ध जन्मदाते पायी! कथेतला हा भाग पुष्कळदा घाईने सांगितला जातो. वास्तविक मर्म तेथेच आहे. वाटेत कुक्कुटस्वामींच्या आश्रमी त्याने पाहिले, की गंगा, यमुना, सरस्वती मलिन रूपाने येतात आणि त्या मातृपितृभक्ताच्या घरी सेवा करून निर्मळ होतात. पुंडलिक लाजला व पालटला. निष्ठुर अपत्यांसाठी देशास २००७ साली निर्वाहाचा कायदा करावा लागला. पुंडलिकास लाजच पुरली.

पुढे दिंडीरवनात तो मातापित्यांचे पाय चुरीत असता साक्षात श्रीहरी दारी आले. हातची सेवा न सोडता त्याने वीट पुढे सारली आणि देवास थांबावयास सांगितले. देव कटीवर कर ठेवून थांबला. तो अद्याप त्याच विटेवर उभा आहे.