धुराड्यातून पळणारी उष्णता परत आणणारा विल्यम सीमेन्स

बराच वेळ गेम खेळलात की फोन मागून तापतो. बॅटरीतली थोडी ऊर्जा अशी उष्णता होऊन वाया जाते. बाईकची गोष्ट तर याहून मोठी आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून गरम धुराबरोबर निघून जातो. ही उष्णता परत पकडता आली तर?

या एका प्रश्नामागे एक तरुण जवळजवळ दहा वर्षं लागला होता. इंजिनाच्या बाबतीत तो हरला. पण त्याच कल्पनेने पुढे काच आणि पोलाद बनवायची पद्धत बदलली आणि कोळशापासून गॅस करायची भट्टी कारखान्यात आणली. त्याचं नाव विल्यम सीमेन्स.

खिशात एक शोध, तोही भावाचा

विल्यमचा जन्म ४ एप्रिल १८२३ चा, जर्मनीत हॅनोवरजवळच्या लेन्टे गावातला. मूळ नाव कार्ल विल्हेल्म. वडील खंडाने जमीन घेऊन शेती करायचे. १८३९ मध्ये आई गेली आणि पुढच्याच वर्षी वडीलही. घरात भावंडं भरपूर, कमावणारं कोणी नाही. सगळा भार मोठ्या भावावर, वर्नरवर आला. याच वर्नरने पुढे १८४७ मध्ये सीमेन्स कंपनी सुरू केली.

वर्नरने विजेच्या मदतीने धातूवर सोन्या-चांदीचा मुलामा चढवायची पद्धत शोधली होती. ती विकायला १८४३ मध्ये विल्यम लंडनला पोहोचला. वय १९, इंग्रजी मोडकंतोडकं. रस्त्यात 'अंडरटेकर' अशी पाटी दिसली. त्याला वाटलं, नवी कामं अंगावर घेणारा माणूस असणार, म्हणून तो आत शिरला. प्रत्यक्षात ते अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचं दुकान होतं! तिथून तो निमूटपणे बाहेर पडला. पण पुढे बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी ती पद्धत १,६०० पौंडांना विकत घेतली. त्या काळात ही रक्कम खूप मोठी होती. आता शोध लावूनच जगायचं, असं ठरवून विल्यम पुढच्या वर्षी इंग्लंडलाच राहायला आला.

इंजिनाने दिलेला दगा

तेव्हा सगळं वाफेच्या इंजिनांवर चालायचं. त्यात जाळलेल्या कोळशाची बहुतेक उष्णता काम न करताच बाहेर जायची. स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्येच यावर एक उपाय सुचवला होता. बाहेर जाणारी गरम हवा धातूच्या पातळ थरांमधून न्यायची, म्हणजे तिची उष्णता तिथे साठते. मग आत येणारी थंड हवा त्याच थरांतून आणली की ती फुकटात तापते. या भागाला रिजनरेटर म्हणतात.

विल्यमने हीच युक्ती वाफेच्या इंजिनाला लावायची ठरवली. १८४७ पासून त्याने बोल्टनमध्ये आणि नंतर बर्मिंगहॅमजवळ प्रयोग केले. कागदावरचा हिशोब बरोबर होता. पण सतत प्रचंड तापणारे भाग झिजायचे, जळायचे. इंजिन काही टिकेना. पैसे संपत आले. त्याला सावरलं ते १८५१ च्या त्याच्या पाण्याच्या मीटरने. नळाचं पाणी मोजणाऱ्या या साध्या यंत्राने त्याला पहिल्यांदा नियमित उत्पन्न मिळालं.

धाकट्या भावाची सूचना

विल्यमच्या हाताखाली त्याचा धाकटा भाऊ फ्रीडरिश काम करायचा. त्याच्या डोक्यात आलं की इंजिनाचा हट्ट कशाला? हीच युक्ती भट्टीला लावू. भट्टीत हलणारे भाग नसतात, झिजायची भीती कमी आणि वाया जाणारी उष्णता तर कितीतरी जास्त. १८५६ च्या शेवटी फ्रीडरिशने याचं पेटंट घेतलं.

रचना समजायला सोपी आहे. भट्टीच्या दोन्ही बाजूंना विटांची जाळी रचलेल्या खोल्या असतात. जळून गेलेला गरम वायू एका बाजूच्या विटा लालभडक करून चिमणीत जातो. थोड्या वेळाने झडप फिरवतात. आता ताजी हवा त्याच लाल विटांमधून तापून भट्टीत येते आणि धूर दुसऱ्या बाजूच्या विटा तापवतो. मग पुन्हा उलट. प्रत्येक फेरीत भट्टी आणखी तापते, तरी जळण कमी लागतं.

पण एक अडचण आली. दगडी कोळसा थेट भट्टीत जाळला की राख आणि धूळ विटांच्या जाळीत अडकायची. भावांनी त्यावर उपाय काढला तो असा, की कोळसा भट्टीत जाळायचाच नाही. शेजारच्या वेगळ्या कोठीत कोळशाचा जाड थर पेटवायचा आणि हवा मुद्दाम कमी द्यायची. खाली कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा वायू जळतो. हाच प्रोड्युसर गॅस आणि ती कोठी म्हणजे गॅस प्रोड्युसर. आता गॅस आणि हवा दोन्ही वेगवेगळ्या विटांमधून तापवून भट्टीत सोडता आले. शिवाय स्वस्तातला बारीक कोळसाही चालू लागला.

१८६१ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या काच कारखान्यात ही भट्टी चालली. ती बघून मायकेल फॅरेडे इतके खूश झाले की २० जून १८६२ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी याच विषयावर व्याख्यान दिलं. तिथल्या शुक्रवारच्या सभांमधलं ते त्यांचं शेवटचं व्याख्यान ठरलं.

पुढे फ्रान्समध्ये मार्टिन यांनी या भट्टीत भंगार आणि कच्चं लोखंड वितळवून पोलाद केलं. सीमेन्स-मार्टिन पद्धत ती हीच. १८९० मध्ये पूर्ण झालेला स्कॉटलंडचा प्रसिद्ध फोर्थ पूल याच प्रकारच्या पोलादाचा आहे.

पुन्हा इंजिनाकडे

जुनं अपयश मात्र विल्यम विसरला नव्हता. १८८२ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचा अध्यक्ष म्हणून बोलताना त्याने भाकीत केलं, की बॉयलर जाऊन गॅस प्रोड्युसर येईल आणि कारखाने व जहाजं गॅस इंजिनांवर चालतील. पुढच्या वर्षी त्याला सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १८८३ रोजी, तो लंडनमध्ये वारला.

त्याच्यानंतर काही वर्षांतच सीमेन्स भट्टीचा एक नवा प्रकार आला. त्यात वाया जाणाऱ्या वायूचा काही भाग परत गॅस प्रोड्युसरमध्ये सोडत. म्हणजे उष्णतेबरोबर खुद्द धूरही कामाला लागला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा लाकडी कोळशाच्या गॅसवर मोटारी धावल्या, आपल्याकडेही. अशा गॅसिफायरमध्ये कोरडा कोळसा नुसत्या हवेवर जाळला की आतला भाग गरजेपेक्षा जास्त तापतो. तिथे इंजिनाचा थोडा धूर परत सोडला तर त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ ती जादा उष्णता शोषून घेतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन देतात. सायलेन्सरच्या उष्णतेने आत येणारी हवाही तापवता येते. त्यामुळे तेवढ्याच कोळशात गाडी जास्त चालते.

पण याला मर्यादा आहे. धुरात बहुतेक नायट्रोजनच असतो, तो जळत नाही. धूर जास्त झाला तर आग थंडावते, गॅस पातळ होतो आणि इंजिनाची ताकद जाते. आणि एक इशारा: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. व्हिडिओ बघून घरात असले प्रयोग करू नका.

विल्यमचं इंजिन कधीच बाजारात चाललं नाही. त्याची कल्पना चुकीची नव्हती, जागा चुकली होती. ती जागा दाखवायला धाकटा भाऊ लागला, आणि त्याचं ऐकण्याइतका मोठेपणा विल्यमकडे होता.