कष्टकरी आईचा पाळणा आणि बाबासाहेब



सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत रिठदच्या शिवारातून एक चक्कर मारा. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी टांगलेली दिसेल. झोळीत तान्हे लेकरू, आणि झोळीला झोका देत बसलेली आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. आई पात धरून पुढे गेलेली. ती थोरली त्या दिवशी शाळेत नसते. असे दिवस वाढत जातात आणि एक दिवस तिचे नाव पटावरून जाते, हे तुम्हांला सांगायला नको. आई कामाला गेली तर लेकराला कोण पाहणार, आणि घरी बसली तर चूल कशी पेटणार? हा आपल्या घरचा प्रश्न आहे, तो आपणच सोसला पाहिजे, असे आपण धरून चालतो. परंतु हा प्रश्न सरकारचाही आहे, असे मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले. त्यांच्या चरित्राची ही बाजू घराघरांत माहीत असायला हवी.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. त्यांतील कित्येक भावंडे लहानपणीच दगावली. ते पाच-सहा वर्षांचे असतानाच आई गेली. पाठीने अधू असलेल्या आत्या मीराबाईंनी त्यांना वाढविले. आई नसलेल्या लेकराला सांभाळणारा हात मिळाला तर काय घडते, याचे याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे?

पुढे संसारातही तेच दुःख आले. बाबासाहेब परदेशी शिकत होते तेव्हा माता रमाईंनी शेण-गोवऱ्या करून घर चालविले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. एकटे यशवंतराव वाचले. २७ मे १९३५ रोजी रमाईही गेल्या. गरिबीत आईच्या देहाची आणि लेकराची काय दशा होते, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुस्तकातून ते दुसरे शिकले. सरकारचा पैसा कोठून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला. राहणे परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत. त्या काळी गिरणीत जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवीत आणि कामावर जात. पोट धरून बसायचे की लेकरू धरून, हीच निवड त्यांच्यापुढे होती.

अशा वेळी कौन्सिलात असवले यांनी बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. गिरणीमालकांना हा बोजा नको होता. जुलै १९२८ मध्ये बाबासाहेब या बिलाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे म्हणणे सरळ होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. आणि बाईच्या कष्टावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा. १९२९ साली हा कायदा झाला. भार मात्र मालकावरच ठेवला गेला. सरकारने आपला खिसा उघडला नाही.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. येथे एक कठीण प्रसंग आला, तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. युद्धात कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ साली सरकारने स्त्रियांना खाणीच्या पोटात काम करण्यास असलेली बंदी उठविली. सभागृहात कडक टीका झाली. बाबासाहेबांनी ती अंगावर घेतली. ही युद्धापुरती सोय आहे आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, अशी त्यांची भूमिका होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. मधल्या काळात खाणीतील बाळंतपणाच्या कायद्यात त्यांनी १९४३ आणि १९४५ साली सुधारणा करून घेतल्या, आणि खाणीवर पाळणाघर असावे याची कायदेशीर तजवीज झाली. तान्ह्याची जागा कामाच्या ठिकाणाजवळ असते, ही गोष्ट तेव्हा कायद्यात उतरली.

नंतर संविधान आले. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच. कलम ४२ मध्ये प्रसूतीसाठी साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता तुमच्या घराकडे या. नोकरीतल्या बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि पन्नास कामगारांच्या ठिकाणी पाळणाघर हवे. शेतमजूर बाईला मात्र अशी रजा देणारा मालक नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये आहेत. पैसे आईच्या स्वतःच्या खात्यात येतात. दिवस गेल्याचे कळताच अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईकडे नाव नोंदवा. अनुसूचित जातीच्या स्त्रिया या योजनेत बसतात, आणि बौद्ध झाल्याने केंद्राच्या सवलती जातात ही भीती १९९० च्या दुरुस्तीने संपली आहे. जातीचा दाखला तेवढा काढून ठेवा.

अंगणवाडी १९७५ पासून आहे. सहा वर्षांपर्यंतच्या लेकराला तेथे आहार आणि लस मिळते. परंतु शेतातला दिवस लांब आणि अंगणवाडीचे तास थोडे. म्हणून रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमावे, अशी तरतूद केली होती. किती कामांवर अशी बाई कोणी पाहिली? ज्याला हक्क माहीत नाही, त्याचा हक्क कागदातच राहतो.

कोणी म्हणेल, सरकारापुढे हात का पसरावा? धम्मबंधूंनो, साबणाची वडी घेताना तुम्ही कर भरता. तिजोरीत तुमचाही पैसा आहे. त्यातून तुमच्या लेकराचा वाटा मागणे म्हणजे भीक नव्हे. बाबासाहेबांनी १९२८ साली सांगितले ते हेच.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वस्तीतल्या गरोदर बायांची आणि सहा वर्षांखालील लेकरांची यादी करा. कोणाची नोंद राहिली ते पाहा. ग्रामसभेत अंगणवाडीचे तास वाढवण्याचा आणि पाळणाघराचा विषय मांडा. आणि सोंगणीच्या दिवसांत आळीपाळीने एक बाई घरी ठेवून पाच-सात घरांची लेकरे सांभाळा. तिची मजुरी सगळ्यांनी मिळून द्या. झोळीशी बसलेली ती थोरली पोर शाळेत जाऊ द्या.

जय भीम.