रात्रीच्या दर्याचे सरखेल

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली की तासाभरात मांडवा. गाडी खालच्या डेकवर, हातात चहा, चार सेल्फी आणि अलिबागचा वीकेंड सुरू! याच पाण्यात तीनशे वर्षांपूर्वी माणसं अंधारात, दिवा न लावता छोट्या होड्या घालायची. त्या काळात मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडवणारं एक नाव होतं, कान्होजी आंग्रे.

घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याकडच्या आंगरवाडीवरून आंग्रे झालं. कान्होजींचा जन्म 1669 चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत, हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर. म्हणजे पोराचं बालपण चारी बाजूंनी पाणी असलेल्या किल्ल्यात गेलं.

कान्होजी दहा वर्षांचे असताना, 1679 मध्ये, महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या अगदी तोंडावर! इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण मायनाक भंडारींच्या माणसांना रसद पोचायची ती रात्री, लहान होड्यांतून. किनारा ते बेट अंतर जेमतेम पाच किलोमीटर, मध्ये खडक आणि उथळ पाणी. मोठं जहाज तिथे शिरलं तर तळ फुटायचा, होडी मात्र सुळकन निघून जायची. इंग्रजांना काही ती वाट बंद करता आली नाही.

यामागचं लॉजिक आपण शाळेच्या भूगोलात पाठ केलंय आणि पेपर दिल्यावर विसरलोय. खारे वारे, मतलई वारे! दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. पावसाळा संपला की कोकण किनाऱ्यावर हा खेळ रोज चालतो. मध्यरात्रीनंतर मतलई वाऱ्यावर शीड सोडून खाडीतून निघायचं, उजाडेपर्यंत खोल पाण्यात पोचायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. वारा पडला तर वल्ही आहेतच. तांडेलाला तारे, डोंगरांच्या आकृती आणि भरती-ओहोटीची वेळ पाठ हवी, नाहीतर खडक वाट बघतच असतात. कान्होजींची पुढची सगळी कारकीर्द मला तरी या एका वाऱ्यावर उभी दिसते.

विशीत त्यांनी पहिला धमाका केला. सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला होता आणि किल्लेदार फितूर व्हायच्या बेतात होता. कान्होजींनी त्यालाच कैदेत टाकून किल्ला ताब्यात घेतला आणि लढवला. एका हल्ल्यात ते शत्रूच्या हाती लागले, तिथून निसटून पोहत किल्ल्यावर परतले, असंही सांगतात. 1698 मध्ये सिधोजी गुजर यांच्यानंतर मराठी आरमार त्यांच्याकडे आलं.

त्यांची गलबतं होती केवढी? साधारण सत्तर टनांची, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. गुराबा त्याहून मोठ्या, पण कंपनीच्या जहाजांपुढे त्याही लहानच. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असायच्या, म्हणून यांनी मागून यायचं. वारा नसेल तर गलबतं गुराबांना ओढत नेत. काम झालं की उथळ खाडीत गायब.

1712 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गव्हर्नरची 'ॲन' ही सशस्त्र यॉट कारवारहून मुंबईला निघाली. समुद्रात एक रात्र गेली आणि दुसऱ्या दिवशी कान्होजींच्या जहाजांनी तिला गाठलं. कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन तोफगोळ्याने मेला. त्याची तरुण बायको कॅथरीन कुलाब्याला कैदेत गेली आणि 30,000 रुपये मोजल्यावर सुटली. कान्होजींची कीर्ती सांगताना हा प्रसंग गाळायला नको. तिने काय सोसलं असेल, हेही वाचताना डोक्यात राहतं.

मग ते चाचे होते का? इंग्रजी कागदांत तसंच लिहिलंय. पण कान्होजी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तक, म्हणजे परवाना, मागायचे. युरोपियन सत्ता स्वतः हेच करत होत्या! शाहू महाराजांच्या वतीने बाळाजी विश्वनाथांनी लोणावळ्याजवळ वळवणला त्यांच्याशी तह करून सरखेलपद कायम केलं. चाच्याला कोणी असं पद देत नाही.

इंग्रजांनी मात्र हट्ट सोडला नाही. गव्हर्नर चार्ल्स बूनने 1718 मध्ये खांदेरीवर हल्ला केला, फसला. 1720 मध्ये 'फ्रॅम' नावाचा तरंगता तोफखाना बांधून विजयदुर्गावर नेला, तोही फसला. 1721 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांना सोबत घेतलं, राजाच्या आरमाराची चार जहाजं आणली, कुलाब्यावर चाल केली. पुन्हा तेच. (अंधेरी, बोरिवली, मुलुंडकरांनो, तेव्हा आपली साष्टी पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे आपण शत्रूच्या गोटात!)

4 जुलै 1729 ला कान्होजी अलिबागला वारले. ऐन पावसाळ्यात, दर्या बंद असताना. पुढे मुलांमध्ये भांडणं लागली आणि आरमार दुभंगलं. त्यांची समाधी अलिबागच्या छत्रीबागेत आहे, बीचवर जाणाऱ्या गर्दीतले फार थोडे तिकडे वळतात. खांदेरीवरच्या दीपगृहाला आता कान्होजींचंच नाव आहे. ज्या पाण्यात मायनाकची माणसं दिवा विझवून जायची, तिथे रात्रभर तो उजेड फिरत असतो.