तापीच्या खालच्या काठावरची डॉक्टर

आपल्या राजघाटावरून वाहणारी तापी पुढे सुरतेवरून समुद्राला मिळते. त्या सुरतेत एका मराठी बाईने वीसहून अधिक वर्षे स्त्रियांचे इस्पितळ सांभाळले. त्या म्हणजे डॉ. रखमाबाई. गणपती ही विद्येची देवता, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांचेच चरित्र घेतले आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले; पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. माहेरी राहून, मिशनच्या वाचनालयातली पुस्तके आणून त्या घरीच शिकल्या. शाळेचा सरळ रस्ता त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

१८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले आणि घरातला मोठा आधार गेला. पुढे अपील झाले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. देशभर गदारोळ उठला; टिळकांचा ‘केसरी’ही त्यांच्या विरोधात होता. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

एवढे झाल्यावर कोणीही थकले असते. पण रखमाबाईंना डॉक्टर व्हायचे होते. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठबळ दिले. एडिनबरो विद्यापीठात बायकांना वैद्यकीचे दार उघडावे म्हणून त्या स्वतः झगडल्या होत्या. हितचिंतकांनी निधी उभा केला. १८८९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, रखमाबाईंनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले आणि १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मायदेशी परतून आधी सुरत, मग राजकोट असे निवृत्तीपर्यंत त्यांनी बायकांचे आजार आणि बाळंतपणे पाहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार करून, त्यांचे निधन झाले.

हे चरित्र लिहायला कारण घरातलेच आहे. माझी भाची चोवीस वर्षांची. बारावीला जीवशास्त्र होते, मग लग्न झाले, शिक्षण थांबले. गेल्या वर्षी तिने नीटची परीक्षा द्यायची म्हटले, तेव्हा घरचे हसले. आता वय गेले, असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. सरकारी नोकरीत रोज इतरांचे अर्ज तपासणाऱ्या मला नियम पाहायचे सुचले नाही. नीटला वयाची वरची अट आता राहिलेली नाही, हे तिनेच मला दाखवले. यंदा ती पहाटे उठून अभ्यास करते आणि तिचे बाळ आमच्या घरी असते. जागा मिळेल की नाही, ते गजानन जाणे. पण रखमाबाईंचे आयुष्य वाचल्यापासून वयाचा हिशेब मी तरी मांडत नाही.

गणपती बाप्पा मोरया!